लुटारू दुकानात शिरला आणि आपल्याकडेही हत्यार असेल, तर कायदा कुठपर्यंत साथ देतो?

तुमचा प्रश्न असा की भांडुपला तुमचं सोन्याचं छोटं दुकान आहे, दुकानात तुम्ही आणि मुलगा दोघंच असता, मागच्या महिन्यात दोन गल्ल्या सोडून एका दुकानात दोघं जण चॉपर आणि गावठी कट्टा घेऊन शिरले आणि मालकाचा हात फोडून गेले, आणि आता घरचे मागे लागलेत की रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढा. तुम्हाला एवढंच हवंय की असा कोणी आत आला, मी गोळी घातली आणि तो मेला, तर मी आत जाणार की नाही.

थोडक्यात सांगतो. गोळी सुटली त्या क्षणी तुमच्या किंवा मुलाच्या जिवावर बेतलं होतं आणि ते नंतर पुराव्यात दिसलं, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. तो पाठ फिरवून शटरच्या बाहेर पडला होता, तर जवळजवळ नक्की नाही. आता हे "जवळजवळ" का म्हणतोय आणि मधलं सगळं कशाकशावर अवलंबून असतं ते नीट सांगतो, कारण ह्या विषयावर अर्धवट ऐकून लोकांनी स्वतःचं वाटोळं करून घेतलेलं मी पाहिलंय.

मी २६ वर्षं फौजदारी वकिली करतोय, किल्ला कोर्ट, सेशन्स, दिंडोशी, सगळीकडे. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. आणि जीव वाचवायला हात उचललेला माणूससुद्धा माझ्याकडे आरोपी म्हणूनच येतो, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. पोलिस येतात तेव्हा त्यांना एक पडलेला माणूस दिसतो आणि एक हातात हत्यार असलेला. लुटायला कोण आलं होतं हे त्यांनाही कळतं हो, पण माणूस मेला असेल तर गुन्हा नोंदवावा लागतो, पंचनामा होतो, हत्यार मुद्देमालात जातं, आणि पुष्कळदा अटकही होते. तपासात स्वसंरक्षण स्पष्ट दिसलं म्हणून तिथेच केस बंद झाली असं होऊ शकतं, पण मी ते फार कमी वेळा पाहिलंय. म्हणजे "हक्क आहे" याचा अर्थ "त्रास होणार नाही" असा नाही. हक्क असतो आणि तो कोर्टात सिद्ध होईपर्यंतची वर्षं तुमची जातात.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली. आधीची ९६ ते १०६ ही कलमं आता ३४ ते ४४ झालीत, गाभा तोच आहे, त्यामुळे जुने निकाल आजही कामाला येतात. कलम ३८ शरीराच्या बचावाचं आहे, जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क जातो, आणि हा हक्क स्वतःपुरता नाही, मुलासाठी, गिऱ्हाइकासाठी, रस्त्यावरच्या परक्या माणसासाठीही आहे. कलम ४१ मालमत्तेचं, आणि त्या यादीत पहिलंच नाव जबरी चोरीचं आहे. पुढे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं किंवा स्फोटकं वापरणं, आणि साधी चोरी किंवा घरात घुसणं असलं तरी अडवलं नाही तर कोणाचा जीव जाईल किंवा जबर जखम होईल अशी परिस्थिती. (दरोडा हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण कायद्यात दरोडा म्हणजे पाच किंवा जास्त माणसं, कलम ३१०. दोघं आले आणि हत्यार दाखवून माल नेला तर ती जबरी चोरी, ३०९. बचावाच्या हक्काला त्याने फरक पडत नाही, पण पोलिस स्टेशनला शब्द नीट वापरलेला बरा.)

व्हॉट्सअॅपवर फिरणारे मेसेज इथेच थांबतात, जबरी चोरी असेल तर ठार मारायचा हक्क आहे, संपलं. तसं नाहीये. त्याच्या आधी कलम ३७ आहे आणि ते दोन ब्रेक लावतं. एक, पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का, असेल तर हक्क नाही. दोन, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. पहिल्याची चिंता तुमच्या बाबतीत फारशी नाही, काउंटरपलीकडे चॉपर घेऊन माणूस उभा असताना १०० किंवा ११२ लावत बसा असं कुठलंही कोर्ट सांगत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या निकालात तर सगळी तत्त्वं एकत्र मांडून हेही म्हटलंय की कायदा पाळणाऱ्या माणसाने भित्र्यासारखं पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. अडचण येते ती दुसऱ्या ब्रेकमध्ये, आणि त्याहून जास्त कलम ४३ मध्ये, जे कोणी वाचतच नाही.

४३ सांगतं की हक्क सुरू कधी होतो आणि संपतो कधी. जबरी चोरीत तो हक्क लुटारू मारहाण करतोय, करायचा प्रयत्न करतोय, अडवून धरतोय, किंवा आत्ताच्या आत्ता जीव जाईल, मार बसेल अशी भीती चालू आहे तोपर्यंतच. भीती संपली की हक्क संपला, माल त्याच्या बॅगेत असला तरी. नुसत्या चोरीत तो माल घेऊन पूर्ण निसटेपर्यंत हक्क चालतो, पण तो हक्क बॅग ओढायचा, माणूस धरून ठेवायचा आहे, पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालायचा नाही. हे फार लोकांना पचत नाही. माझे २० तोळे घेऊन तो डोळ्यांदेखत चाललाय आणि मी बघत बसू? हो. कायद्याच्या हिशेबात पाठ फिरवलेल्या माणसाचा जीव २० तोळ्यांपेक्षा जास्त आहे, आणि मी माणूस म्हणूनही ते मानतो.

तशीच गोष्ट चेन खेचणाऱ्यांची. नव्या संहितेत हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा केलाय, कलम ३०४, आणि ४१ च्या यादीत त्याचं नाव नाही. त्यामुळे बाईकवरून चेन खेचून पळणाऱ्यावर मागून गोळी झाडली तर "लूट चालू होती" हा बचाव उभा राहणं फार कठीण.

दोन निकाल तुम्हाला माहीत असायला हवेत. पहिला १९५२ चा अमजद खान. मध्य प्रदेशातल्या कटनीला दंगल उसळली होती, जमावाने शेजारचं भावाचं दुकान फोडून लुटलं, मग ह्याच्या दारावर लाठ्या पडायला लागल्या, आत घरची माणसं होती, ह्याने बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्या, एक जण मेला, काही जखमी झाले. खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने सोडलं. म्हटलं, अशा वेळी माणसाने किती ताकद वापरली हे सोनं तोलायच्या काट्यावर तोलायचं नसतं. तुम्ही सराफ आहात, तो काटा किती बारीक असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय. म्हणजे दार फुटायची वाट बघ, आधी हवेत झाड, मग पायावर मार, असा हिशेब घाबरलेल्या माणसाकडून कोर्ट मागत नाही. दुसरा निकाल एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर, निकालांचा संग्रह) १९६३ मधला, जयदेव विरुद्ध पंजाब. शेताच्या वादात मारामारी झाली, समोरचे पळायला लागले आणि लांब गेलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथे कोर्ट म्हणालं धोका संपला त्या क्षणी हक्कही संपला. पहिला निकाल किती मारलं याबद्दल सैल आहे, दुसरा कधी मारलं याबद्दल कडक. मला विचाराल तर सगळा विषय ह्या दोन टोकांमध्ये बसतो, आणि ती दोन्ही टोकं तुमच्या दुकानात गल्ल्यापासून शटरपर्यंतच्या काही फुटांत असतात.

माझी एक केस सांगतो, ओळख पटेल असं काही सांगत नाही. मालाडचा होलसेलवाला, लायसन्सचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर. रात्री शटर अर्धं खाली ओढलेलं असताना दोघं वाकून आत आले, एकाकडे चॉपर, दुसऱ्याचा हात जॅकेटमध्ये. ह्याने बॅग दिली, १ लाख ८५ हजार. ते वाकून बाहेर गेले. ह्याने खुर्ची फिरवली, ड्रॉवर उघडला, पाऊचची चेन ओढली, रिव्हॉल्व्हर काढलं आणि शटरखालून बाहेर जाऊन फुटपाथवरून दोन गोळ्या झाडल्या. एक लुटारूच्या मांडीत मागच्या बाजूने घुसली, तो पडला. दुसरी समोरून येणाऱ्या रिक्षाची काच फोडून गेली, रिक्षावाल्याच्या डोळ्याच्या वर काचा लागल्या. दोन इंच इकडेतिकडे झालं असतं तर तो माणूस आंधळा झाला असता किंवा मेला असता, ज्याचा ह्या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

खटल्याची तयारी करताना मी त्याच दुकानात बसलो. रिव्हॉल्व्हर कोर्टाच्या ताब्यात, म्हणून पाऊचमध्ये पंचिंग मशीन ठेवलं आणि त्याला म्हटलं, आता त्या रात्रीसारखं कर. मोबाईलवर वेळ लावला. तीन वेळा केलं, सगळ्यात लवकर झालं ते सात सेकंदांत. त्या सात सेकंदांत मी शटरपासून काउंटरपर्यंत चालत आलो, कॅल्क्युलेटर उचलला आणि परत शटरपाशी गेलो. तो खुर्चीत बसून राहिला, पंचिंग मशीन हातात, आणि म्हणाला, वकीलसाहेब, म्हणजे आत असताना मी काहीच करू शकलो नसतो. हेच मला तुम्हाला सांगायचंय. समोरच्याचं हत्यार बाहेर आहे आणि तुमचं ड्रॉवरमध्ये आहे, तर ज्या वेळात कायदा तुमच्या बाजूने आहे त्या वेळात ते हातात येत नाही, आणि हातात येतं तेव्हा कायदा निघून गेलेला असतो.

त्या केसमध्ये त्याच्यावर खुनाचा प्रयत्न लागला होता, तेव्हाच्या आयपीसीचं ३०७. भीती अजून चालू होती, चॉपरवाला परत फिरू शकला असता, हे मी मांडलं. पण सीसीटीव्हीत ते दोघं धावताना दिसत होते आणि हा चालत बाहेर येताना. कोर्टाने ३०७ मधून सोडलं, ३२४ खाली, म्हणजे हत्याराने दुखापत केल्याबद्दल, दोषी धरलं, आत काढलेले ४१ दिवस शिक्षा म्हणून धरले आणि रिक्षावाल्याला भरपाई द्यायला लावली. सहा वर्षं लागली. लायसन्स गेलं. लुटारूंना वेगळी शिक्षा झाली, ती झालीच पाहिजे होती. आणि पोलिसांनी बॅग पहिल्याच दिवशी त्या पडलेल्याच्या अंगाखालून काढली होती, तरी ती रक्कम कोर्टातून परत मिळायला दीड वर्ष गेलं.

रिक्षावाल्यावरून आठवलं, कलम ४४ आहे, जीवघेणा हल्ला होत असेल आणि निरपराध माणसाला धोका पत्करल्याशिवाय बचाव करणंच शक्य नसेल तर तो धोका पत्करता येतो. पण हल्ला जीवघेणा हवा आणि चालू हवा. तुमच्या दुकानात लग्नसराईत आठ-दहा बायका काउंटरला टेकून उभ्या असतात, काचेची शोकेस, मागे आरसे. गोळी तिथे कुठे जाईल हे सांगता येत नाही.

आता घरफोडीबद्दल थोडं, कारण तुम्ही दुकानाच्या वर राहता असं लिहिलंय. लालबागच्या एका चाळीत पहाटे तीनला चोर खिडकीतून आत उतरला, म्हातारी आई जागी झाली, ओरडली, चोराने तिच्या तोंडावर हात दाबला. मुलाने ओट्यावरचा वरवंटा उचलून डोक्यात एक घातला. चोर कोसळला. इथपर्यंत मुलाने जे केलं ते मी जगातल्या कुठल्याही कोर्टात छातीठोकपणे मांडेन. मग चाळ जागी झाली. चोराला ओढत गॅलरीत नेलं, जिन्याच्या खांबाला साडीने बांधलं आणि अर्धा तास जो येईल तो मारत होता. बांबू, चप्पल, क्रिकेटची बॅट. पोलिस आले तेव्हा श्वास होता, हॉस्पिटलला जाईपर्यंत नव्हता. पोस्टमॉर्टेमच्या कागदात १७ नंबरच्या रकान्यात बाहेरच्या जखमा लिहितात, त्या कागदावर तो रकाना पुरला नाही, डॉक्टरांनी वेगळं पान जोडलं होतं. डोक्याची जखम त्यातली एक, आणि मरण तिने आलेलं नव्हतं. मुलगा त्या अर्ध्या तासात आईला पाणी पाजत आत बसला होता, हे दोन शेजारणींनी सांगितलं म्हणून तो सुटला. खांबापाशी असलेल्या दोघांना सदोष मनुष्यवधात शिक्षा झाली, दोघंही नोकरदार, बायकामुलांचे. खांबाला बांधलेल्या माणसाविरुद्ध कोणालाच बचावाचा हक्क नसतो. पकडलात तर त्याला पकडून ठेवायचा अधिकार तुम्हाला आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम ४०, तुमच्या समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला असेल तर. पण विनाकारण उशीर न लावता आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करायचं, आणि मधल्या वेळात हात लावायचा नाही, लावू द्यायचा नाही. गर्दी जमली तर त्याला गर्दीपासून वाचवायचं कामही तुमचंच. चोराची दया म्हणून सांगत नाही फक्त, तुमच्या शेजाऱ्यांच्या पोरांसाठी सांगतोय.

बचावाची मर्यादा ओलांडली तर काय, तर तेही सगळं एकाच मापाने मोजत नाहीत. हक्क होता पण चांगल्या हेतूने, ठरवून नाही, जरा जास्त झालं, असं असेल तर खुनाच्या ऐवजी सदोष मनुष्यवध होतो, कलम १०१ चा अपवाद आणि शिक्षा १०५ खाली. तिथेही १० वर्षांपर्यंत जाऊ शकते, काही परिस्थितीत जन्मठेपही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, साक्ष अधिनियमाचं कलम १०८. मात्र सरकारी पक्षाला जसं संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं तसं तुम्हाला करावं लागत नाही, शक्यतेचं पारडं तुमच्याकडे झुकलं तरी पुरतं.

लायसन्सचं बोलू. मुंबईत अर्ज पोलिस आयुक्तालयाकडे जातो. "मी सराफ आहे" एवढं पुरत नाही, तुमच्या जिवाला विशेष धोका का आहे ते दाखवावं लागतं, चौकशी होते, शस्त्र हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि लायसन्स पाच वर्षांचं असतं. निवडणूक आली की शस्त्र जमा करायला सांगू शकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लायसन्स तुमच्या नावाचं असेल तर ते शस्त्र मुलाचं होत नाही. तुम्ही जेवायला वर गेलात आणि मुलाने चालवलं तर बचावाचा मुद्दा वेगळा आणि शस्त्र कायद्याचा गुन्हा वेगळा, एकातून सुटला तरी दुसऱ्यात अडकू शकतो, विनापरवाना वापराला कलम २७ खाली तीन ते सात वर्षं आहेत. गार्ड ठेवणार असाल तर त्याच्या बारा बोरचे कागद स्वतः बघा, लायसन्स कोणाच्या नावाचं, मुंबईत चालतं का, मुदत कधीपर्यंत. कागद नीट नसले आणि काही झालं तर पोलिस तुमच्याही दारात येतील.

कट्टा वगैरे कोणी आणून देतो म्हणालं तर त्या माणसाला दुकानाच्या पायरीवर उभं करू नका. आणि काउंटरखाली चॉपर किंवा तलवार ठेवणं, हेही नको. मुंबईत महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ खाली हत्यारं, सोटे, चाकू घेऊन फिरण्यावर वेळोवेळी मनाई आदेश निघत असतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नंतर सरकारी वकील विचारतो की सोन्याच्या दुकानात तलवारीचं काय काम. वरवंटा घरात असतोच, त्याच्याबद्दल हा प्रश्न येत नाही. पेपर स्प्रेला, म्हणजे मिरचीच्या फवाऱ्याला, लायसन्स लागत नाही, ठेवायला हरकत नाही, पण बंद दुकानात मारलात तर तुमचे आणि मुलाचे डोळेही जातील काही मिनिटं, आणि तो भांडणात वापरला तर तेही हत्यारच समजलं जाऊ शकतं.

मग माझं मत. तुमच्यासारख्या दुकानात रिव्हॉल्व्हर घेऊ नका असं मी म्हणेन. कोर्टाच्या भीतीने म्हणत नाही, त्या सात सेकंदांमुळे म्हणतो. रोकड घेऊन रात्री एकटा घाटातून जाणारा माणूस असता, किंवा तुम्हाला नाव घेऊन खंडणीचे फोन येत असते, तर वेगळं बोललो असतो. तुम्ही तेच पैसे दाराला लावा. आतून बटण दाबल्याशिवाय न उघडणारं दार, त्याच्या आत दुसरं जाळीचं, पायाखाली अलार्मचं बटण, आणि कॅमेरा शटरच्या तोंडावर चेहऱ्याच्या उंचीला, छताला लावून उपयोग नाही, छतावरून फक्त टोप्या दिसतात. ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी, म्हणजे सराफाच्या मालाचा विमा, असेल तर तिच्या अटी आजच वाचा, रात्री माल तिजोरीत नव्हता म्हणून क्लेम अडकलेले मी पाहिलेत, आणि नसेल तर आधी ती काढा. आणि मुलाला सांगून ठेवा, हत्यार दिसलं की ट्रे पुढे सरकवायचा, हात दिसतील असे ठेवायचे, मागच्या दाराकडे धावायचं नाही.

इतकं करूनही वेळ आली, म्हणजे तो माल घेऊन थांबत नाहीये, मुलावर वार करतोय, तर जे हाताला येईल ते उचला. स्टूल, वजनाचा काटा, काहीही. तिथे मी वकील म्हणून काही सांगायला येत नाही. तो थांबला, पडला, हत्यार हातातून सुटलं, की तुम्हीही थांबायचं, दुसरा घाव नाही.

आणि त्यानंतरची १० मिनिटं. ११२ ला फोन, सांगायचं लूट झाली, हत्यार होतं, माणूस जखमी आहे. लगेच १०८ ला अॅम्ब्युलन्स, जखमी लुटारू असला तरी. तो फोन तुमच्या मनात काय होतं याचा चांगला पुरावा असतो, आणि तो माणूस वाचला तर तुमच्यावरचा गुन्हाही हलका होतो. त्याचा चॉपर पडलाय तिथेच राहू द्या, उचलून काउंटरवर ठेवू नका, रक्त पुसू नका. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला (रेकॉर्डिंगच्या डब्याला) हात लावू नका आणि कॅमेरेवाल्यालाही लावू देऊ नका, पोलिस पंचनाम्यात घेतील, आता जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करणं कायद्यानेच लागतं, ते होतंय ना बघा. तुम्हाला किंवा मुलाला ओरखडा जरी असला तरी महापालिकेच्या किंवा सरकारी हॉस्पिटलला जाऊन एमएलसी, म्हणजे पोलिस केससाठी जखमांची डॉक्टरी नोंद, करून घ्या. लोक "मला काय झालंय, साधं खरचटलंय" म्हणतात आणि ते खरचटणं चार दिवसांत भरून जातं, आणि त्याच्यासोबत तुमच्या जिवाला धोका होता याचा अर्धा पुरावा जातो.

पोलिसांना काय झालं ते खरं आणि थोडक्यात सांगा, अंतर, सेकंद, कोण कुठे उभा होता याचे अंदाज त्या अवस्थेत देऊ नका, वकील आल्यावर सविस्तर बोलू म्हणा, तो तुमचा घटनेतला हक्क आहे, कलम २२. मी पाहिलंय, रात्री थरथरत्या हाताने माणूस सांगतो "तो पंधरा फुटांवर होता", आणि टेपने मोजलं की पाच फूट निघतं, आणि मग सगळी जबानीच खोटी वाटायला लागते. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. माझ्या एका क्लायंटने त्याच रात्री "आज धडा शिकवला साल्याला" असं लिहिलं होतं, तो स्क्रीनशॉट चार्जशीटमध्ये ३८ नंबरच्या पानावर होता आणि उलटतपासणीची सुरुवात तिथूनच झाली.

तुमच्या दुकानाबद्दल नेमकं सांगायला मला अजून तीन गोष्टी लागतील. उद्या सकाळी दुकान उघडलं की टेप घेऊन मोजा आणि कळवा, गल्ल्यापासून शटरच्या पट्टीपर्यंत किती फूट आहे, मागचं दार आत उघडतं की बाहेर, आणि मुलगा एकटा असतो तेव्हा तो कुठल्या बाजूला तोंड करून बसतो.